दोन पाने आणि फूल

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. स्मरणिकेच्या वाचकांसाठी काही ठिकाणी वाढविला आहे.)



संमेलनाच्या चिटणीसांनी मला विषय दिला तो असा : 'हुकूमशाहीकडून लोकशाहीकडे'. शाळामास्तराला विषय मिळाला की तो प्रथम पुस्तकांचे कपाट उघडतो. मीही उघडले आणि स्पेन, दक्षिण आफ्रिका, इंडोनेशिया अशी नावे वहीत उतरवून काढली. वडील शेजारीच वर्तमानपत्र वाचत बसले होते. त्यांनी वहीत डोकावून विचारले, "एवढ्या लांब कशाला जातोस? आपली आत्या कुठे नांदली?"

वडिलांची आत्या, म्हणजे माझ्या आजोबांची थोरली बहीण, डिचोलीला दिली होती. मालवणच्या किनाऱ्यावरील आपल्या कितीतरी घरांची सोयरीक अशी गोव्यात आहे. आजोबा गलबतावर खलाशी होते. वेंगुर्ल्याच्या आणि पणजीच्या बंदराला ते सारख्याच ओळखीने लागत. त्यामुळे वहीतली यादी मी खोडली. जे राष्ट्र म्हणून आपण भूगोलात शिकवत नाही, पण ज्या मुलखात एका पिढीच्या डोळ्यांदेखत हुकूमशाही गेली आणि मतपेटी आली, त्या गोव्याविषयीच चार शब्द सांगावेत असे ठरविले.

प्रारंभीच एक गैरसमज दूर केला पाहिजे. 'गोव्यावर साडेचारशे वर्षे पोर्तुगीजांचे राज्य होते' असे आपण एका दमात म्हणतो. १५१० ते १९६१ हा हिशेब बरोबर आहे; पण त्या राज्याचे रूप सदासर्वदा एकच नव्हते. १९१० साली पोर्तुगालमध्ये राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आले. त्याबरोबर गोव्यातही धर्माच्या बाबतीत समान वागणूक आणि छापखान्याला काही मोकळीक मिळाली, मराठी वृत्तपत्रे निघाली. ही मोकळीक पंधरा-सोळा वर्षे टिकली. १९२६ साली लिस्बनला लष्कराने सत्ता घेतली. पुढे सालाझार नावाचा अर्थशास्त्राचा प्राध्यापक प्रथम अर्थमंत्री आणि १९३२ साली पंतप्रधान झाला, तो १९६८ पर्यंत हलला नाही. म्हणजे गोमंतकीयांना स्वातंत्र्याची चव माहीत नव्हती असे नाही. चाखलेली वस्तू ताटातून उचलून नेली होती. (प्राध्यापकांच्या हाती देश दिला की सर्व ठीक होईल, असे आमच्या पेशातील काही मंडळींना वाटते. त्यांनी सालाझारचे चरित्र जरूर वाचावे.)

त्याच्या राज्यात एकच पक्ष होता. सभा घ्यायची तर परवानगी. छापायचे ते अगोदर सरकारी डोळ्यांखालून गेले पाहिजे. लग्नाच्या आमंत्रणपत्रिकाही त्यातून सुटत नसत, ही गोष्ट गोव्यातील जुनी माणसे आजही सांगतात. आमच्या आजोबांना तर ती फार गमतीची वाटे. ते म्हणत, "नवऱ्या मुलाचं नाव सरकारला आधी कळायचं, मग व्याह्यांना!" पण त्यातली गंमत परक्याला. तेथे राहणाऱ्याला बोलण्यापूर्वी दाराकडे बघायची सवय लागली होती. १८ जून १९४६ रोजी मडगावला डॉ. राममनोहर लोहिया यांनी बंदी मोडून सभा घेतली ती या सवयीवर घाव घालण्यासाठी. त्यांना गोव्यात बोलावून नेणारे डॉ. जुलियांव मिनेझिस हे गोव्याचेच ख्रिस्ती गृहस्थ होते, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आणखी एक प्रसंग सांगतो. फेब्रुवारी १९५४. म्हापशाला एका मेजवानीत कोणी वक्ता म्हणाला की गोवा म्हणजे पोर्तुगालच. तेथे बसलेले शल्यविशारद डॉ. पुंडलिक गायतोंडे यांच्या तोंडून निषेधाचा उद्गार बाहेर पडला. भाषण नाही, घोषणा नाही. मेजवानीच्या टेबलावर 'मी निषेध करतो' एवढेच. तेवढ्यावर त्यांना अटक झाली आणि लिस्बनला नेण्यात आले. वर्गात मी हा प्रसंग सांगतो तेव्हा मुले पुढे काय झाले म्हणून वाट बघत राहतात. त्यांना खरे वाटत नाही की गुन्हा एवढाच होता.

१९५५ साली सत्याग्रह झाला. आपल्या बांद्याच्या पलीकडे पत्रादेवीला १५ ऑगस्टच्या दिवशी नि:शस्त्र माणसांवर गोळ्या चालल्या. त्या दिवशी गोव्याच्या हद्दींवर वीसहून अधिक सत्याग्रही मारले गेले. पंजाबचा कर्नेलसिंग बेनिपाल हा तरुण पत्रादेवीलाच पडला. त्या सत्याग्रहात उतरलेले मधु दंडवते पुढे आपल्या राजापूर मतदारसंघाचे खासदार झाले. त्यांच्याविषयी शेवटी बोलायचे आहे. यानंतर सरहद्द बंद झाली. जी आत्या सणाला येत असे, ती येईना. तेरेखोलचा किल्ला खाडीच्या आपल्याच काठावर, रेडीला लागून आहे. तेथले निशाण आपल्या बाजूने उघड्या डोळ्यांनी दिसे, पण तेथे जाणे नाही. पणजोबा वारले तेव्हा लेकीला निरोप पोचला तो चाळीसावा होऊन गेल्यावर. आजोबांनी ही गोष्ट आयुष्यात दोनदाच सांगितली, आणि दोन्ही वेळा मध्येच सोडून दिली.

असो. १७ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय सेना आत शिरली आणि १९ तारखेस संध्याकाळी गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्व्हा यांनी शरणागती पत्करली. शेवटच्या माणसापर्यंत लढा असा लिस्बनचा हुकूम होता. तो त्यांनी पाळला नाही, आणि त्यामुळे पणजी शहर व हजारो माणसे वाचली. सालाझारने याबद्दल त्यांना सैन्यातून काढून टाकले.

येथे व्याख्याने सहसा संपतात. झेंडा उतरला, तिरंगा चढला, टाळ्या. माझे म्हणणे असे की आपला विषय येथून सुरू होतो. कारण १९ डिसेंबरच्या रात्री गोव्यात हुकूमशाही नव्हती हे खरे, पण लोकशाहीही नव्हती. तेथे मेजर जनरल कँडेथ हे लष्करी गव्हर्नर होते. ते गृहस्थ कितीही चांगले असले तरी त्यांना गोव्याने निवडले नव्हते. जून १९६२ मध्ये मुलकी कारभार आला, गोवा-दमण-दीव हा केंद्रशासित प्रदेश झाला, त्याच वर्षी ग्रामपंचायतींच्या निवडणुका झाल्या. आणि ९ डिसेंबर १९६३ रोजी विधानसभेसाठी मतदान झाले.

त्या मतदानात आत्या रांगेत उभी होती. तिला अक्षरओळख नव्हती. पण यादीत तिचे स्वत:चे नाव होते, आणि तिला त्याचेच मोठे अप्रूप. ही साधी गोष्ट समजू नका. भारताच्या १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत सुमारे अठ्ठावीस लाख स्त्रियांची नावे यादीतून गळली होती, कारण त्यांनी 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको' एवढेच सांगितले, स्वत:चे नाव सांगितले नाही. आत्याने नाव सांगितले, कागद घेतला, शिक्का मारला. घरी आल्यावर नवऱ्याने विचारले, कशावर मारलास? ती म्हणाली, "सांगायचं नाही असं तिथल्या साहेबानं सांगितलंय." ज्या मुलखात दोन वर्षांपूर्वी लग्नपत्रिका सरकारला दाखवावी लागे, तेथे एक निरक्षर बाई नवऱ्यापासूनही मत झाकून ठेवते, हा फरक किती मोठा होता याचा विचार वाचकांनीच करावा.

निकालाने दिल्लीही चकित झाली. देशभर सत्तेवर असलेल्या, पंडित नेहरूंच्या काँग्रेसला गोव्यातील अठ्ठावीसपैकी एकही जागा मिळाली नाही; मिळाली ती दमणची एक. भाऊसाहेब बांदोडकरांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष व त्याचे मित्र यांना सोळा, डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या युनायटेड गोवन्स पक्षाला बारा. ज्या सरकारच्या सैन्याने गोवा मुक्त केला, त्याच सरकारच्या पक्षाला गोव्याने घरी बसविले, आणि कोणाला अटक झाली नाही. बांदोडकर मुख्यमंत्री झाले आणि खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. आपल्यासारख्या शिक्षणाच्या कामातील लोकांना त्याचे मोल वेगळे सांगायला नको.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. बांदोडकरांच्या पक्षाचे ध्येय नावातच होते : गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा. सिक्वेरांच्या पक्षाला गोवा वेगळा हवा होता. १९६५ साली गोव्याच्या विधानसभेने विलीनीकरणाचा ठराव केला, महाराष्ट्राच्या विधानसभेनेही केला. इकडे आपल्या किनाऱ्यावर तर विलीनीकरण म्हणजे ठरलेले लग्न, फक्त तारीख काढायची बाकी, असे वातावरण होते. आजोबाही त्याच मताचे. त्यांचे कारण राजकीय नव्हते. एकदा सरहद्दीने बहीण तोडली होती. आता मध्ये रेघच नको, एवढेच त्यांना कळत होते.

विधानसभेत बहुमत असताना पुन्हा लोकांना विचारायचे कशाला, असे म्हणणारे पुष्कळ होते. पण विचारायचे ठरले. संसदेने डिसेंबर १९६६ मध्ये त्यासाठी कायदा केला. मतचाचणीच्या वेळी सत्ता एका बाजूच्या हाती असू नये म्हणून बांदोडकरांचे सरकार त्याच महिन्यात पायउतार झाले आणि राष्ट्रपतींची राजवट आली. १६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. कागदावर दोनच चिन्हे. विलीनीकरण हवे त्याने फुलावर शिक्का मारायचा, वेगळे राहायचे त्याने दोन पानांवर.

सुमारे ८२ टक्के लोकांनी मत दिले. फुलाला १,३८,१७० मते पडली आणि दोन पानांना १,७२,१९१. म्हणजे ३४,०२१ मतांनी विलीनीकरण हरले.

हे आकडे मी फळ्यावर लिहितो तेव्हा मुलांना हिशेब करायला सांगतो. केवळ ख्रिस्ती मतांवर पाने जिंकली असे अजूनही काही लोक म्हणतात. ते खरे धरले तर बेरीज जुळत नाही, कारण गोव्यात ख्रिस्ती समाज तेव्हाही निम्म्याहून कमी होता. हजारो हिंदूंनी आणि इतरांनीही पानांवर शिक्का मारला असला पाहिजे. मोठ्या राज्यात गेल्यावर आपली बोली, आपल्या चालीरीती, आपल्या माणसाची नोकरी कोण विचारणार, ही त्यांची धास्ती. मुंबईला बसलेल्यांना ती धास्ती निव्वळ हट्ट वाटली. संख्येने थोड्या असलेल्या कोणत्याही समाजाच्या माणसाने मात्र तिला हसू नये. निदान आपण तरी हसू नये.

आता घरची गोष्ट. मतचाचणीनंतर कित्येक वर्षांनी, एका ईदेला आत्या माहेरी आली असताना, आजोबांनी सहज विषय काढला की फूल हरले ते फार वाईट झाले. आत्या शेवया वाढता वाढता म्हणाली, मी दोन पानांवर मारला होता. आजोबांच्या हातातला चमचा तसाच राहिला. "माझ्या विरुद्ध?" त्यांनी विचारले. ती तिकडच्या बोलीत म्हणाली, "तुज्या आड न्हय रे, म्हज्या घराखातीर." वडील सांगतात, त्या दिवशी आजोबा जेवण अर्धे टाकून बंदरावर निघून गेले. पुढच्या ईदेला मात्र तिला आणायला स्वत: डिचोलीला गेले.

आणि बांदोडकर? त्यांच्या पक्षाचे जन्माचे ध्येयच लोकांनी नाकारले होते. त्यांनी निकाल मानला. अडीच महिन्यांच्या आत, २८ मार्च १९६७ रोजी, विधानसभेची निवडणूक झाली आणि त्याच लोकांनी बांदोडकरांनाच पुन्हा सोळा जागा दिल्या. तुमचे म्हणणे नको, पण तुम्ही हवेत! आमच्याकडे अनेकांना ही विसंगती वाटे. मला तो त्या मतदाराचा शहाणपणा वाटतो. त्याला दोन प्रश्न वेगवेगळे विचारले, त्याने दोन उत्तरे वेगवेगळी दिली. गोवा पुढे ३० मे १९८७ रोजी स्वतंत्र राज्य झाले.

आता हे सालाझारच्या पोर्तुगालशेजारी ठेवून पाहा. १९५८ साली तेथे राष्ट्राध्यक्षपदासाठी जनरल हुम्बेर्तु देल्गादो यांनी सरकारी उमेदवाराविरुद्ध उभे राहण्याचे धाडस केले. त्यांच्या सभांना अफाट गर्दी झाली. मोजणी सरकारच्या हाती होती, तेव्हा निकाल काय लागायचा तो लागला. पण सालाझार एवढा धास्तावला की पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्षाची लोकांनी करावयाची निवडच त्याने रद्द करून टाकली. देल्गादोंना गुप्त पोलिसांनी फेब्रुवारी १९६५ मध्ये स्पेनच्या हद्दीत गाठून ठार मारले. म्हणजे ज्या सुमारास लिस्बनचे सरकार मोजणीच्या भीतीने माणसे मारीत होते, त्याच सुमारास त्याच्या हातून सुटलेल्या पणजीत मोजणी करून हरण्याची तयारी चालली होती. निवडणूक तर सालाझारही घेत असे. ज्याच्या हाती सत्ता आहे, किंवा ज्याला विजयाची खात्री आहे, तो मोजणीत हरला आणि तरीही त्याने ती मोजणी खरी मानली, की ते राज्य लोकांचे झाले असे मी समजतो. त्या हिशेबाने गोव्याची मुक्ती १९६१ ची आणि लोकशाही जानेवारी १९६७ ची.

हे मी पुस्तकातून शिकलो असे सांगितले तर ते अर्धेच खरे होईल. उरलेले माझ्या वर्गात शिकलो. तीन वर्षांपूर्वी नववीच्या वर्गात मी मोठ्या उत्साहाने वर्गप्रतिनिधीची निवडणूक घेतली. बिस्किटाच्या डब्याला फट पाडून मतपेटी केली, चिठ्ठ्यांवर शिक्के मारले. माझ्या मनात एक हुशार मुलगी होती. मोजणीत निवडून आला तो मागच्या बाकावरचा, गृहपाठ कधी न आणणारा एक मुलगा. मी म्हणालो, चिठ्ठ्या दुमडलेल्या आहेत, घोटाळा झाला असेल, पुन्हा मोजू. पुन्हा मोजल्या, तोच आला. मग मी म्हणालो, काही मुले गैरहजर होती, उद्या परत घेऊ. तेव्हा त्या हुशार मुलीनेच उठून विचारले, "सर, तुमचा येईपर्यंत घ्यायची का?"

वर्ग हसला. मी हसलो नाही. त्या दिवशी घरी जाताना मला लिस्बनच्या त्या प्राध्यापकाची आठवण झाली आणि ती काही सुखाची नव्हती. दुसऱ्या दिवशी त्या मुलाचे नाव मी फळ्यावर लिहिले. तो फार चांगला प्रतिनिधी निघाला असेही नाही. खडू आणायला तो वर्षभर विसरत राहिला.

पोर्तुगालची सुटका व्हायला १९७४ साल उजाडले. आफ्रिकेतील वसाहतींच्या लढायांना कंटाळलेल्या त्याच्याच लष्करी अधिकाऱ्यांनी २५ एप्रिल रोजी राजवट उलथली. लोकांनी बंदुकांच्या नळ्यांत फुले खोचली. त्याच वर्षाच्या अखेरीस पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. वर्षाने, २५ एप्रिल १९७५ रोजी, तेथे घटनासमितीसाठी खुले मतदान झाले आणि नव्वद टक्क्यांहून अधिक लोक रांगेत उभे राहिले. व्हासालो इ सिल्व्हांनाही सैन्यातील हुद्दा परत मिळाला. थोडक्यात, धाकट्या गोव्याने जे १९६३ साली केले, ते थोरल्या पोर्तुगालला बारा वर्षांनी साधले.

पण यावर आपण भारतीयांनी मिशीला पीळ भरण्याचे कारण नाही. तारखा पाहा. पोर्तुगालमध्ये २५ एप्रिल १९७५ ला मतपेट्या उघडल्या, आणि बरोबर दोन महिन्यांनी, २५ जूनच्या रात्री, आपल्याकडे आणीबाणी आली. वृत्तपत्रांवर परीक्षक बसले. आपले खासदार प्रा. मधु दंडवते बंगलोरला स्थानबद्ध झाले. गोव्यातील पोर्तुगीज दडपशाहीविरुद्ध सत्याग्रह केलेला हा मनुष्य वीस वर्षांनी आपल्याच सरकारच्या तुरुंगात बसला होता. लोकशाहीचा प्रवास उलट दिशेनेही होतो, आणि त्याला परदेशी सैन्य लागत नाही.

परतीचा रस्ता मात्र तोच निघाला. मार्च १९७७ मध्ये निवडणुका झाल्या, पंतप्रधान इंदिरा गांधी स्वत: आपल्या मतदारसंघात पराभूत झाल्या, त्यांनी राजीनामा दिला. राजापूरने दंडवत्यांना निवडून दिले आणि ते रेल्वेमंत्री झाले. आणीबाणी ज्यांनी आणली त्यांचे गुणगान मी करणार नाही. तरी त्यांनी मोजणी मानली, ही नोंद केल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही. आजोबा त्या निवडणुकीत भल्या पहाटे रांगेत जाऊन उभे राहिले होते. कोणाला मत दिले ते त्यांनी सांगितले नाही. आजीने विचारले तर म्हणाले, "डिचोलीला विचार, कसं सांगायचं नसतं ते."

आमच्या वर्गात बिस्किटाचा डबा अजून आहे. यंदाची मतमोजणी जुलैच्या पहिल्या शनिवारी, शेवटच्या तासाला ठेवली आहे. मोजायला मी बसणार नाही. दोन्ही बाजूंची दोन-दोन मुले बसतील. ज्या पालकांना पाहायचे असेल त्यांनी अवश्य यावे. फक्त चिठ्ठ्या उलगडत असताना कोणी बोलू नये, आणि आपल्या मुलाने कोणाला मत दिले हे घरी विचारू नये.